शिरला कुठून? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या महिन्याची पत्रं टेबलावर पसरून बसले. आजार वेगवेगळे, पण विचारणं एकच : हे आमच्याकडे शिरलं कुठून? ठाणे जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं जंतू ओळखायचं काम केलं. आमच्या पहिल्या प्रमुख बाई नमुन्यासोबतचा कागद हातात घेतला की जंतूचं नाव नंतर, आधी ‘वाट कोणती?’ असं विचारायच्या. रुग्ण पाण्यात उतरला होता का, त्याला काही चावलं होतं का, तो कुणाच्या खोलीत झोपतो. कागदावर ती ओळ कोरी असली, तर त्या स्वतः वॉर्डात जाऊन रुग्णाला विचारून यायच्या. ती सवय मलाही लागली. त्यामुळे तुमच्या पत्रांत मी आधी ती ओळ शोधते आणि नसली तर फोन करून विचारते. यावेळी तिघांना केला.

प्रश्न : *मागच्या जुलैत वंदना टॉकीजजवळ गुडघाभर पाणी होतं. मी आणि शेजारचा दुकानदार, दोघंही दुकानातला माल वर काढत दोन-अडीच तास त्या पाण्यात उभे होतो. दहा दिवसांनी त्याला लेप्टो झाला, डायलिसिसपर्यंत गेलं. मला काहीच झालं नाही. पाणी तेच, वेळ तीच. मग फरक कशाने पडला? आता पाय भिजले की बायको गोळी घ्यायला लावते. ते बरोबर आहे का? (चिखलवाडी, नौपाडा)*

तुमच्या पत्रात वाटेची ओळ नव्हती, म्हणून फोन केला होता. शेजाऱ्यांच्या पायाला काही होतं का, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, ‘हो, पावसाळाभर चिखल्या असतात त्यांना.’ फरक बहुधा तिथेच पडला.

लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्कामाला असतो. उंदराला त्याचा विशेष त्रास होत नाही. पण उंदीर मुततो तेव्हा जंतू बाहेर पडतो, आणि ओल्या मातीत, साचलेल्या गोड्या पाण्यात आठवडे न् आठवडे तग धरतो. आपली धडधाकट, कोरडी कातडी त्याला भेदता येत नाही. तिचा वरचा थर मेलेल्या, चपट्या, एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा असतो. जंतूला लागते फट. टाचेची भेग, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, चप्पल चावल्याची जखम, सकाळी दाढी करताना लागलेलं पातं. डोळ्यांत उडालेलं पाणीही चालतं, कारण डोळ्याच्या, नाकाच्या, तोंडाच्या आतल्या अस्तराला असा कडक थर नसतो. आणि दोन-अडीच तास पाण्यात उभं राहिलं की धडधाकट कातडीसुद्धा भिजून मऊ पडते, हेही विसरू नका. चिखल्या म्हणजे खरं तर बुरशी. एका जंतूने कातडी उकलून ठेवली आणि त्या फटीतून दुसरा आत गेला, असं घडतं. तुमचे पाय त्या दिवशी शाबूत होते, एवढाच तुमचा बचाव. पुढच्या वेळी ते तसेच असतील असं नाही.

हा जंतू मी पहिल्यांदा पाहिला तो काळोख्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली, ज्याला आम्ही डार्क फील्ड म्हणतो. नेहमीच्या रंगाने तो दिसतच नाही, इतका बारीक. काळ्या पडद्यावर चांदीची बारीक तार गरगर फिरत जावी, तसा जातो. टोकं हुकासारखी वळलेली. सगळा मिळून प्रश्नचिन्हासारखा दिसतो, आणि त्याच्या एका जातीचं लॅटिन नावही ‘इंटेरोगान्स’ असंच ठेवलेलं आहे. मळसूत्रासारख्या त्या फिरण्यानेच तो जखमेतून आत, तिथून रक्तात आणि रक्तातून यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसांपर्यंत पोचतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला तो इजा करतो. म्हणून काहींना कावीळ होते, काहींची लघवी बंद होते, काहींच्या फुप्फुसांत रक्तस्राव होतो.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते सगळ्यांना आठवत असेल. मला त्या पावसापेक्षा त्यानंतरचा ऑगस्ट जास्त आठवतो. पाणी ओसरलं, लोकांनी घरं धुऊन काढली, आणि मग तापाचे नमुने यायला लागले. जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, कधी महिनाभरही. तेवढ्यात माणूस पाण्यात उतरल्याचं विसरून जातो. एक पंचविशीतला मुलगा आला होता. आळीतल्या म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन त्याने बाहेर काढलं होतं. तापाच्या चौथ्या दिवसापर्यंत तो पाण्यात उतरला होता का, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. त्याचा अहवाल मी लिहून पूर्ण करेपर्यंत तो गेला होता. म्हणून हात जोडून सांगते : पाण्यातून चालल्यावर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले पण चिपडं नाहीत, तर दवाखान्यात पहिलं वाक्य ‘मी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो’ हे असू द्या.

आता गोळीचं. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिबंधक म्हणून देतात, पाण्यात उतरल्यावर शक्यतो ७२ तासांच्या आत. पण कुणाला द्यायची आणि किती, हे जखम होती का, किती वेळ पाण्यात होता, यावरून डॉक्टर ठरवतात. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. वहिनींना सांगा, रस्ता ओला म्हणून गोळी नको. पायाला जखम आणि साचलेलं पाणी, दोन्ही असलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे. दुकानात गमबूट ठेवा. आणि चिखल्यांचं मलम पावसाळ्याआधी लावायला घ्या. लेप्टोपासून बचावाचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

प्रश्न : *सासूबाईंना फुप्फुसाचा टीबी निघाला. औषधं सुरू होऊन दहा दिवस झालेत. घरात त्यांचं ताट, वाटी, पेला, टॉवेल सगळं वेगळं केलंय. नणंद म्हणते चादरी जाळून टाका. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, तो आजीशिवाय राहत नाही. मी महापेला नोकरी करते, दिवसभर जीव थाऱ्यावर नसतो. ताटामुळे नाही तर मग कशामुळे लागतो? (ऐरोली)*

ताटामुळे लागत नाही, पेल्यामुळे नाही, चादरीमुळे नाही. जाळायचं काहीच नाही. आधी ताटं एकत्र घासायला सुरुवात करा, मग पुढचं वाचा.

माझ्या लहानपणी कळव्याच्या आमच्या चाळीत एका मावशीला हाच आजार होता. तिचं जर्मनचं ताट मोरीशी वेगळं ठेवलेलं असायचं आणि तिला दाराबाहेर वाढायचे. रात्री मात्र ती आम्हा चार पोरांसोबत त्याच बंद खोलीत झोपायची, कारण थंडी वाजते म्हणून खिडकी लावलेली असे. जंतूची वाट होती ती आम्ही उघडी ठेवली आणि नव्हती ती बंद केली. मावशी पुढे बरी झाली, पण दाराबाहेरच्या त्या जेवणाबद्दल ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

टीबीची वाट हवेतून आहे. आजारी माणूस खोकतो, जोरात बोलतो, गातो, तेव्हा तोंडातून असंख्य थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात, त्यांची भीती नाही. बारीक थेंबांतलं पाणी हवेत उडून जातं आणि एक ते पाच मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजारावा ते दोनशेवा भाग एवढा कण उरतो. तो बंद खोलीत तासन्‌तास तरंगतो. याहून मोठे कण आपल्या नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव अडवतात. श्वासनळीत आतून हलणारे सूक्ष्म रोम असतात. ते त्या स्रावाला वर ढकलत नेतात आणि आपण तो गिळून टाकतो. पण तरंगणारा तो बारीक कण या सगळ्यातून निसटून फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातो. ताटाला लागलेला जंतू तिथवर पोचणार कसा? तो पोटात जाईल. तिथे गेल्याने या आजाराची लागण होत नाही.

त्या फुग्यात राखणदार पेशी असतात. येईल त्या कणाला त्या गिळतात आणि आतल्या आम्लात विरघळवतात. बाकीचे बहुतेक जंतू तिथे संपतात. टीबीचा जंतू मात्र गिळला गेल्यावर ते आम्ल आपल्यापर्यंत येऊच देत नाही, आणि त्याच पेशीच्या पोटात राहून वाढायला लागतो. मग शरीर दुसरा उपाय करतं : पेशींवर पेशी रचून त्याच्याभोवती गाठ बांधतं. ज्यांना लागण होते त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते. जंतू आत कोंडलेला, माणूस ठणठणीत. शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष आजार होतो. मधुमेह, कुपोषण, एचआयव्ही, तंबाखू यांनी ती गाठ ढिली पडते. सासूबाईंची साखर तपासली नसेल तर तपासून घ्या.

हा जंतू फार सावकाश वाढतो. आतड्यातला ई-कोलाय हा जंतू सोयीच्या जागी वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला पंधरा ते वीस तास लागतात. त्याचं कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघणं, आम्ही अंडं घातलेल्या हिरव्या माध्यमाच्या बाटल्यांत लावायचो आणि आठ आठवड्यांपर्यंत दर आठवड्याला बाटल्या उजेडात धरून बघायचो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे खडबडीत, मळकट पिवळे ठिपके दिसायचे. ज्याने इतका वेळ घेऊन घर केलंय, तो पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी जाणार नाही. म्हणून सहा महिन्यांचं औषध असतं. बरं वाटलं म्हणून सासूबाई दुसऱ्या महिन्यात गोळ्या सोडायला निघतील, बहुतेक जण निघतात. तेव्हा तुम्ही सोबत असा.

आता मुलाबद्दल. औषध नेहमीचं लागू पडणारं असेल तर साधारण दोन आठवड्यांत रुग्णाकडून लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. तुमचे दहा दिवस झालेत. तोवर, आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत, सासूबाईंनी मास्क लावावा, मुलाने रात्री वेगळ्या खोलीत झोपावं आणि त्यांच्या खोलीची खिडकी पावसातही उघडी असावी. ऐरोलीला खाडीचा वारा आहे, तो आत येऊ द्या. मुलाला बीसीजी दिलेलं असेलच. ते लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून वाचवतं, पण पूर्ण कवच नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांची, मुलाची आधी, सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. आजार नाही असं ठरलं की प्रतिबंधक औषध देतात, तेही मोफत. दिवसा, खिडकी उघडी ठेवून, मास्क लावलेल्या आजीने नातवाला गोष्ट सांगितली तर मला चालेल. दिवसभर दार लावून एकटीला बसवणं मला चालणार नाही.

प्रश्न : *मुलगा अकरा वर्षांचा. सोमवारी मित्रांबरोबर पाणीपुरी खाल्ली, बुधवारी ताप. विडाल पॉझिटिव्ह आली, टायफॉइड सांगितला. पण चौघांनी खाल्ली आणि यालाच का झाला? पाणीपुरीवाल्याशी माझं भांडण झालं. (कोपरखैरणे)*

त्या पाणीपुरीवाल्याची माफी मागावी लागेल. टायफॉइडचा जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. सोमवारी खाल्लेल्याचा बुधवारी टायफॉइड होत नाही. आजारी पडल्यावर आपण शेवटचा घास आठवतो. आठवायला हवा तो मागच्या पंधरवड्यातला. फोनवर तुम्ही सांगितलंत, की त्याआधीच्या आठवड्यात गावी लग्नाला गेला होतात आणि तिथे बर्फ घातलेलं सरबत होतं. मी त्यालाही लगेच दोषी ठरवत नाही, पण चौकशी तिथून सुरू करा.

यालाच का, हे विचारलंत ते महत्त्वाचं आहे. तोंडावाटे आलेल्या जंतूचा पहिला सामना जठरातल्या आम्लाशी होतो, आणि तिथे संख्येला महत्त्व असतं. हगवणीचा शिगेला आम्लाला दाद देत नाही, त्याचे दहा ते शंभर जंतूही पुरतात. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू मात्र लाखो-कोटी जावे लागतात, कारण बहुतेक आम्लातच मरतात. टायफॉइडचा या दोघांच्या मधला. कुणाच्या वाट्याला किती आले, पोट रिकामं होतं का, आम्ल कमी करणारी औषधं चालू होती का, पूर्वी लस घेतली होती का, यावर एकच खाल्लेल्या चौघांतही फरक पडतो.

पटकीचा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतच नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. तो पोकळीत राहून भिंतीला नुसता चिकटतो आणि एक विष सोडतो. त्या विषाने पेशी क्षार आणि पाणी आतड्यात ओतत सुटतात. हे विष असतं हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९मध्ये दाखवून दिलं. टायफॉइडचं उलट. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शरीराच्या चौक्या आहेत. तिथल्या खास पेशी आतड्यातले कण थोडे थोडे आत घेऊन तपासायला देतात. टायफॉइडचा जंतू त्याच दाराने आत जातो, राखणदार पेशींत बसतो आणि त्यांच्यातून यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा असा पसरतो. म्हणून टायफॉइडमध्ये सुरुवातीला जुलाब असतीलच असं नाही. काहींना उलट बद्धकोष्ठ होतं, आणि ताप पायरीपायरीने चढतो. काही जणांच्या पित्ताशयात तो बरं झाल्यावरही राहतो आणि शौचावाटे बाहेर पडत राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती, पण तिच्या हातचं खाऊन घरंच्या घरं आजारी पडली. तिला १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५पासून १९३८मध्ये मृत्यू येईपर्यंत एकटं ठेवण्यात आलं. म्हणून शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुण्यावर मी इतका जोर देते. बाधित माणूस नुसता बघून ओळखता येत नाही.

विडाल या रक्ताच्या चाचणीबद्दल एक तक्रार करते, ती कुणा एकाबद्दल नाही. एकच विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड नक्की, असं नसतं. पूर्वीच्या लागणीने किंवा दुसऱ्या तापानेही ती चढते. खरा पुरावा रक्ताचं कल्चर, आणि तेही पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविकाचा पहिला डोस पोटात जाण्याआधी घेतलेलं. आमच्याकडे नमुने यायचे ते तीन दिवस गोळ्या खाऊन झाल्यावर, ‘ताप उतरत नाही’ असा शेरा घेऊन. बाटलीत काही उगवायचं नाही, आणि कुठलं औषध चालेल हे सांगायला माझ्याकडे काही उरायचं नाही.

तुमच्या नवी मुंबईने या बाबतीत एक मोठं काम केलेलं आहे. टायफॉइडची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेत देणारं हे देशातलं पहिलं शहर. २०१८मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली गेली. पहिला टप्पा शहराच्या काही भागांतच झाला होता, म्हणून मुलाचं कार्ड काढून बघा. दिली नसेल तर बरा झाल्यावर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : *आमचा टॉवर घोडबंदर रोडला, आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर. घर आरशासारखं. डेंगी झालाच कसा? समोरच्या वस्तीतून येतो असं सोसायटीत सगळे म्हणतात.*

सोसायटीतल्या सगळ्यांना हे वाचायला द्या. डेंगीचा डास गटारात अंडी घालत नाही, त्याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. मनी प्लँटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे, एसीचं पाणी साठणारा डबा, कुंडीखालची बशी, गच्चीवरच्या ताडपत्रीची खोळ. एकोणिसाव्या मजल्यापर्यंत त्याला उडावं लागत नाही, तो तुमच्याबरोबर लिफ्टमधून येतो किंवा तुमच्या बाल्कनीतच जन्माला येतो. आरशासारख्या घरातही या पाच जागा असतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात, आठवड्यातून एकदा. समोरच्या वस्तीत पिंपं भरून ठेवतात, कारण त्यांच्या नळाला रोज पाणी नसतं. तुमच्याकडे टाकी आहे. बोट दाखवण्याआधी हा फरक लक्षात घ्या.

हा डास दिवसा चावतो. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर विषाणू आधी डासाच्या आतड्यात वाढतो, मग त्याच्या लाळेत येतो. याला आठ ते बारा दिवस लागतात. चावताना ती लाळ आपल्या कातडीत सांडते. कातडीतल्या राखणदार पेशींमध्ये विषाणू शिरतो, आणि त्याच पेशी त्याला गाठींपर्यंत (लसिका ग्रंथींपर्यंत) वाहून नेतात. चार प्रकारचे विषाणू आहेत. एकदा एकाचा होऊन गेला आणि नंतर दुसऱ्याचा झाला, की आजार जास्त गंभीर होण्याचा धोका असतो. आणि ताप उतरला की सुटलो, असं समजू नका. धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात, कारण रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार, गळून जाणं, हिरड्यांतून रक्त : लगेच रुग्णालय. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको.

प्रश्न : *गावदेवीजवळ कपड्यांच्या दुकानात उभ्याने नोकरी. दहा तासांत लघवीला जायची सोय नाही, म्हणून पाणीच पीत नाही. वर्षात तिसऱ्यांदा जळजळ झाली. बाहेरच्या शौचालयातून लागते का?*

ताई, शौचालयाच्या सीटवरून नाही. हा जंतू तुमच्याच आतड्यातला, बहुतेक वेळा ई-कोलाय. आतड्यात तो निरुपद्रवी असतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषाची वीसच्या आसपास. एवढंसं अंतर चढून तो मूत्राशयात जातो आणि केसांसारख्या बारीक आकड्यांनी अस्तराला धरतो. त्याला ओढून बाहेर नेण्याचा शरीराकडचा मुख्य मार्ग म्हणजे लघवीचा जोर. तुम्ही पाणी पीत नाही, लघवी अडवता. तो निवांत वाढतो. दोष तुमच्या स्वच्छतेचा नाही, दहा तास बाईला लघवीला न सोडणाऱ्या नोकरीचा आहे. हे पान मालकांना दाखवा, माझं नाव सांगा. तीन-चार तासांनी जाता आलंच पाहिजे. पुसताना पुढून मागे. आणि तिसरी खेप आहे, तर यावेळी मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नका. आधी लघवीचं कल्चर, मग औषध. थंडी वाजून ताप किंवा कुशीत दुखणं असेल तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलाय, त्या दिवशी कामावर जायचं नाही.

प्रश्न : *मी नववीत आहे. आपल्याला आजारी पाडून जंतूंना काय मिळतं? माणूस मेला तर तेही मरतील ना? (तुर्भे)*

बाळा, ३१ वर्षांत असा प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला. मोठी माणसं ‘शिरला कुठून’ एवढंच विचारतात. जंतूला बाहेरही पडायचं असतं.

सर्दीचा विषाणू नाकात खाजवतो, आपण शिंकतो, तो पुढच्या नाकात पोचतो. पटकीचा जंतू लिटरवारी पाणी बाहेर काढायला लावतो आणि त्याच पाण्यातून विहिरीत, नदीत जातो. रेबीजचा विषाणू चावल्या जागेवरून मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत चढतो, मग लाळेत उतरतो, आणि तोवर कुत्रा पिसाळून चावत सुटलेला असतो. (कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. विषाणू मज्जातंतूत शिरायच्या आत थांबवायचा असतो. हे तुझ्या वर्गात सांग.) पण प्रत्येक जंतूला काही मिळतंच असं नाही. धनुर्वाताचा जंतू मातीत सुखाने राहतो. चुकून खोल जखमेत गेला तर त्याच्या विषाने माणसाचा जबडा आवळतो, त्यातून त्याला काहीच लाभ नाही. लेप्टोचंही तसंच : उंदरात त्याचं घर आहे, आपल्यात आला तर बहुतेक वेळा त्याचीच वाट संपते.

तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर प्लेगमध्ये आहे. १८९६मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. दोन वर्षांनी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं, की उंदरावरच्या पिसवा तो पसरवतात. प्लेगचा जंतू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी वाढून बोळा बसवतो. रक्त प्यायलं तरी पोटात उतरत नाही. पिसू भुकेने वेडीपिशी होते, सारखी चावत सुटते, आणि प्यायलेलं रक्त त्या बोळ्यातले जंतू घेऊन परत जखमेत जातं. आजारी उंदीर मरून गार पडला की पिसू त्याच्यावरून उडी मारते आणि जवळचं ऊबदार अंग शोधते. शेवटी पिसूही उपाशी मरते. तोवर जंतू पुढच्याच्या रक्तात पोचलेला असतो.